पीटर स्कॉट : बोधचिन्ह आणि नोंदवही

विसाव्या शतकातील निसर्गरक्षणाच्या चळवळीला जी बोधचिन्हे लाभली, त्यांत वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या पांडाइतके सर्वदूर पोहोचलेले चिन्ह विरळाच. या चिन्हाला मूळ रूप देणारे पीटर स्कॉट हे व्यवसायाने चित्रकार होते.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडन येथे झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट स्कॉट १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मरण पावले, तेव्हा पीटर अडीच वर्षांचे होते. मुलाला निसर्गाची गोडी लावावी, अशी इच्छा वडिलांनी पत्नीला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात व्यक्त केली होती. शिल्पकार असलेल्या आईने ती मनोभावे जपली.

केंब्रिजच्या विद्यार्थिदशेत मात्र ही गोडी बंदुकीच्या वाटेने आली. पहाटे दलदलीत कलहंसांची शिकार करावी आणि त्याच पक्ष्यांची चित्रे रंगवावीत, असा त्यांचा क्रम होता. चित्रांनी त्यांना कीर्ती दिली; १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात त्यांनी कांस्यपदकही मिळवले. पुढे त्यांनी शिकार कायमची सोडली आणि ज्यांना टिपले, त्यांनाच वाचविण्याचे व्रत घेतले.

१९४६ साली सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे त्यांनी पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. हवाई बेटांवरील नेने हा कलहंस तेव्हा नामशेष होण्याच्या बेतात होता. १९५० साली जोडी समजून आणलेल्या दोन्ही पक्ष्यांनी अंडी घातली, तेव्हा नर मागवावा लागला. त्या अल्प बीजातून वाढलेले पक्षी १९६२ पासून पुन्हा हवाईला सोडण्यात आले.

१९६१ साली वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची स्थापना झाली. स्कॉट तिच्या संस्थापकांपैकी एक होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ची-ची या पांडाची त्या काळी मोठी ख्याती होती. जेराल्ड वॉटरसन यांनी काढलेल्या प्राथमिक रेखाटनांवरून स्कॉट यांनी बोधचिन्ह सिद्ध केले. प्राणी दुर्मिळ, रूप लोभस, आणि केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांमुळे छपाईचा खर्चही कमी. १९६९ साली मुंबईत संस्थेची भारतीय शाखा निघाली, तेव्हा हेच चिन्ह येथेही आले.

एका लाडक्या प्राण्याच्या मुखवट्याआड असंख्य अनाकर्षक जीव विस्मृतीत जातील, हा आक्षेप अशा प्रतीकांवर नेहमीच घेतला जातो. स्कॉट यांच्या कार्यातच त्याचे उत्तर सापडते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या समितीचे प्रमुख या नात्याने त्यांनी ‘रेड डेटा बुक’ची पद्धती रूढ केली. संकटग्रस्त जीव सुंदर असो वा कुरूप, त्याची स्थिती तीत सारख्याच काटेकोरपणे नोंदली जाते. प्रतीकाने लोकांना हाक द्यावी आणि नोंदवहीने सर्वांचा हिशेब ठेवावा, अशी ही विभागणी होती.

१९७३ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. व्यापारी देवमासेमारीवर १९८२ साली संमत झालेल्या बंदीमागेही त्यांचे परिश्रम होते. २९ ऑगस्ट १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २०१६ साली, त्यांच्याच पद्धतीतून वाढलेल्या यादीत, पांडाची गणना संकटग्रस्त वर्गातून काढून त्याहून कमी धोक्याच्या वर्गात करण्यात आली. त्यांच्या चिन्हातील प्राण्याची सुधारलेली स्थिती अशा रीतीने त्यांच्याच नोंदवहीने नमूद केली.