एनॉस मिल्स

एनॉस एबायजा मिल्स (२२ एप्रिल, १८७० – २१ सप्टेंबर, १९२२) हे अमेरिकन निसर्ग-अभ्यासक, लेखक, व्याख्याते आणि पर्वतीय वाटाडे होते. कोलोरॅडो राज्यातील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेसाठी त्यांनी केलेल्या चळवळीमुळे त्यांना या उद्यानाचे जनक म्हटले जाते. निसर्गस्थळी आलेल्या पाहुण्याला केवळ वाट न दाखवता त्या स्थळाचा अर्थ उलगडून सांगणे हे स्वतंत्र कौशल्य असून ते शिकवता येते, हा विचार मांडून त्यांनी प्रत्यक्ष प्रशिक्षण सुरू केले. त्यामुळे राष्ट्रीय उद्याने व वारसास्थळे यांच्या निरूपणाच्या व्यवसायाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात.

बालपण आणि आजार

मिल्स यांचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना पचनाचा गंभीर विकार होता. शेतीची कष्टाची कामे त्यांना झेपत नसत आणि शाळाही नियमित होत नसे. कोरड्या, थंड हवेने प्रकृती सुधारेल या आशेने १८८४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते एकटेच घर सोडून कोलोरॅडोकडे निघाले.

एस्टेस पार्क या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात त्यांनी मिळेल ते काम केले. आईच्या नात्यातील एल्काना लँब हे धर्मोपदेशक लाँग्स पीक या शिखराच्या पायथ्याशी राहत व पाहुण्यांना शिखरावर नेत. समुद्रसपाटीपासून १४,२५९ फूट (४,३४६ मीटर) उंचीचे हे शिखर मिल्स यांनी १८८५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी प्रथम सर केले. त्याच सुमारास शिखरासमोरच्या उतारावर त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी ओंडक्यांची एक लहान झोपडी बांधण्यास सुरुवात केली. ही झोपडी आजही उभी आहे.

खाणीतील नोकरी आणि जॉन म्यूर यांची भेट

डोंगरातील काम उन्हाळ्यापुरतेच असे. म्हणून १८८७ पासून मिल्स हिवाळ्यात मोंटाना राज्यातील ब्यूट येथील अ‍ॅनाकोंडा या तांब्याच्या खाणीत काम करू लागले. अवजारे पोहोचवणारा मुलगा म्हणून ते कामाला लागले आणि पुढे यंत्रचालकाच्या पदापर्यंत पोहोचले. गावातील सार्वजनिक ग्रंथालय हीच त्यांची शाळा ठरली. ब्यूटमध्येच एका डॉक्टरांनी त्यांच्या विकाराचे मूळ आहारात असल्याचे ओळखले. आहारात बदल केल्यावर त्यांची प्रकृती सुधारली आणि पुढे ते असामान्य काटकतेसाठी प्रसिद्ध झाले.

१८८९ मध्ये खाणीतील काम बंद पडल्याने ते कॅलिफोर्नियात गेले. सॅन फ्रान्सिस्को येथे समुद्रकिनाऱ्यावर त्यांची गाठ प्रसिद्ध निसर्गवादी जॉन म्यूर यांच्याशी पडली. तेव्हा मिल्स एकोणीस वर्षांचे होते, तर म्यूर पन्नाशी ओलांडलेले होते. निसर्गाचे पद्धतशीर निरीक्षण करावे, त्याबद्दल लिहावे आणि लोकांपुढे बोलावे, असा आग्रह म्यूर यांनी धरला. या भेटीमुळे आपल्या आयुष्याला दिशा मिळाली, असे मिल्स पुढे सांगत. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग, अलास्का आणि युरोप येथे प्रवास केला. १९०२ पर्यंत ते अधूनमधून ब्यूटमध्ये काम करीत राहिले.

लाँग्स पीक इन

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिल्स यांनी लँब कुटुंबाकडून शिखराच्या पायथ्याचे निवासगृह विकत घेतले. पुढे ते लाँग्स पीक इन या नावाने प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये मुख्य इमारत आगीत जळाली. मिल्स यांनी ती लगेच नव्याने उभारली आणि त्यासाठी वणव्यात मेलेल्या झाडांचे लाकूड वापरले. वेड्यावाकड्या खोडांचे खांब व मुळांच्या नक्षीचे कठडे ही या वास्तूची ओळख बनली.

येथील नियम इतर निवासगृहांपेक्षा वेगळे होते. मद्यपान, पत्ते आणि नाच यांना मनाई होती. पाहुण्यांनी दिवस बाहेर काढावा आणि संध्याकाळी शेकोटीभोवती बसून दिवसा पाहिलेल्या गोष्टींबद्दल ऐकावे, अशी अपेक्षा असे. परिसरातील रानफुले तोडू दिली जात नसत. मिल्स यांनी लाँग्स पीक सुमारे तीनशे वेळा सर केले. त्यांपैकी अडीचशेहून अधिक वेळा ते वाटाड्या म्हणून इतरांना घेऊन गेले होते.

हिमनिरीक्षक आणि व्याख्याता

१९०३ ते १९०६ या काळात मिल्स कोलोरॅडो राज्याचे हिमनिरीक्षक होते. वसंतात नद्यांना व कालव्यांना किती पाणी मिळेल याचा अंदाज बांधण्यासाठी पर्वतमाथ्यावरील बर्फाची खोली मोजणे, हे त्यांचे काम होते. या हिवाळी फेऱ्या ते एकट्याने करीत. सोबत बंदूक नसे आणि खाण्यासाठी बहुधा बेदाण्यांसारखे थोडेच पदार्थ असत. एकदा उंच जलविभाजकावर चष्मा हरवल्याने बर्फाच्या तेजाने त्यांची दृष्टी तात्पुरती गेली. तेव्हा काठीने चाचपडत, झाडांच्या साली हाताने तपासत त्यांनी वाट काढली. हा प्रसंग त्यांच्या लेखनातून सर्वदूर पोहोचला.

१९०७ ते १९०९ या काळात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने त्यांना वनविषयक व्याख्याते नेमले. या निमित्ताने त्यांनी देशभर व्याख्याने दिली. मात्र जंगलांकडे प्रामुख्याने लाकूड व चराईचे साधन म्हणून पाहणाऱ्या शासकीय वनसेवेच्या धोरणाशी त्यांचे पटेनासे झाले आणि पुढे ते तिचे कडवे टीकाकार बनले.

निसर्ग-मार्गदर्शकांचे प्रशिक्षण

त्या काळी पर्वतीय वाटाड्याकडून तीन गोष्टी अपेक्षित असत. त्याला वाट माहीत असावी, घोडे सांभाळता यावेत आणि पाहुण्यांना सुखरूप परत आणता यावे. मिल्स यांना हे पुरेसे वाटत नव्हते. शिखरावर जाऊन आलेल्या पुष्कळ पाहुण्यांनी वाटेत काहीच पाहिलेले नसते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी साधा वाटाड्या आणि निसर्ग-मार्गदर्शक असा भेद केला. निसर्ग-मार्गदर्शकाने माहितीचा साठा पाहुण्यावर ओतू नये, तर त्याचे कुतूहल जागे करावे. सुट्या तपशिलांपेक्षा त्यांना जोडणारे मोठे सूत्र दाखवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या विचाराला त्यांनी ट्रेल स्कूल म्हणजे पायवाटेवरील शाळेचे रूप दिले. तिला वर्गखोली नव्हती, ठरलेला अभ्यासक्रम नव्हता आणि परीक्षाही नव्हती. बीव्हर या प्राण्याने बांधलेला बंधारा, हिमनदीने मागे टाकलेला दगडगोट्यांचा बांध आणि वृक्षरेषेवरची वाऱ्याने वाकलेली झाडे हेच तिचे धडे होते. बंधाऱ्यापाशी नुसते प्राण्याचे नाव सांगून पुढे जायचे नसे. पाणी का अडवले, त्यामुळे माती कुठे साचली, तेथे पुढे कुरण कसे तयार होते, हे पाहुण्याला आपल्या डोळ्यांनी शोधू द्यायचे असे. वृक्षरेषेवरच्या झाडाच्या एका बाजूलाच फांद्या का आहेत, हा प्रश्न विचारून मार्गदर्शकाने थांबायचे. उत्तर बहुधा पाहुणाच वाऱ्याकडे बोट दाखवून देई.

मुलांवर मिल्स यांचा विशेष भर होता. मुलांच्या प्रश्नामागोमाग फेरी वळावी, ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्याची घाई नसावी, असे ते मानत. आठ वर्षांच्या एका मुलीला त्यांनी लाँग्स पीकच्या माथ्यावर नेल्याची हकिकत त्यांनी लिहून ठेवली आहे. रान धोकादायक आहे ही समजूत मोडणे, हाही या फेऱ्यांचा एक हेतू होता.

होतकरू मार्गदर्शकांनी प्रथम अनुभवी मार्गदर्शकाबरोबर फिरावे, निरीक्षण करावे आणि मग स्वतंत्रपणे गट न्यावा, अशी त्यांची रीत होती. वनस्पती, प्राणी व भूरचना यांच्या ज्ञानाइतकेच माणसे ओळखण्याचे कसब त्यांना आवश्यक वाटे. एखादे झाड किंवा प्राणी त्याच्या चरित्राच्या रूपाने सांगावा, हे तंत्र त्यांनी स्वतःच्या लेखनातही वापरले. द स्टोरी ऑफ अ थाउजंड-इयर पाइन या कथनात त्यांनी तोडल्या गेलेल्या एका पुराणवृक्षाची वर्तुळे मोजून दुष्काळ, वणवे व जखमा यांचा शतकानुशतकांचा इतिहास मांडला.

बर्नेल भगिनी

१९१६ मध्ये एस्थर व एलिझाबेथ बर्नेल या दोन बहिणी सुट्टीसाठी लाँग्स पीक इनमध्ये आल्या. एस्थर या गृहसजावटीच्या क्षेत्रात काम करीत, तर एलिझाबेथ गणिताच्या अध्यापिका होत्या. दोघींनी मिल्स यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. १९१७ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने त्यांना निसर्ग-मार्गदर्शक म्हणून परवाना दिला. असा परवाना मिळालेल्या त्या पहिल्या स्त्रिया होत. उंच भागात गट नेण्याबाबत त्यांच्यावर सुरुवातीला मर्यादा होत्या. तरीही एलिझाबेथ यांनी पुढे लाँग्स पीकवर गट नेले आणि अनेक उन्हाळे ट्रेल स्कूलची धुरा सांभाळली. या कामासाठी स्त्रिया पुरुषांइतक्याच योग्य आहेत, असे मिल्स जाहीरपणे मांडत. ऑगस्ट १९१८ मध्ये एस्थर व मिल्स यांचा विवाह झाला. १९१९ मध्ये त्यांना एंडा ही मुलगी झाली.

रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान

१९०९ पासून सहा वर्षे मिल्स यांनी लाँग्स पीकच्या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा यासाठी व्याख्याने, लेख, पत्रे व छायाचित्रे यांद्वारे प्रचार केला. त्यांनी सुचवलेले क्षेत्र सुमारे १,००० चौरस मैल होते. चराई, लाकूड व खाणकाम यांच्याशी संबंधित हितसंबंध आणि काही स्थानिक रहिवासी यांनी विरोध केला. कोलोरॅडो माउंटन क्लबचे जेम्स ग्राफ्टन रॉजर्स यांनी विधेयकाचे मसुदे तयार केले. अनेक तडजोडींनंतर २६ जानेवारी, १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. उद्यानाचे मूळ क्षेत्र सुमारे ३५८ चौरस मैल (सुमारे ९३० चौरस किलोमीटर) होते. ४ सप्टेंबर, १९१५ रोजी झालेल्या उद्घाटन समारंभाचे सूत्रसंचालन मिल्स यांनी केले.

उद्यान सेवेशी संघर्ष

ज्या उद्यानासाठी मिल्स झगडले, त्याच्याच प्रशासनाशी त्यांचा अखेरचा संघर्ष झाला. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने उद्यानात भाड्याने प्रवासी नेण्याचा अनन्य हक्क रो एमरी यांच्या कंपनीला दिला. अनेक छोट्या चालकांच्या अनियंत्रित स्पर्धेपेक्षा एकच जबाबदार सेवा बरी, अशी प्रशासनाची भूमिका होती. उलट, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या रस्त्यांवर मक्तेदारी असणे अन्यायाचे आहे, असे मिल्स यांचे म्हणणे होते. या निर्णयामुळे त्यांना आपल्या निवासगृहातील पाहुण्यांना स्वतःच्या वाहनाने उद्यानात नेता येईना. मुद्दाम पाठवलेले त्यांचे वाहन उद्यानाबाहेर काढण्यात आले. ते न्यायालयात गेले, परंतु त्यांना यश आले नाही.

या वादात मिल्स यांनी अनेक जुने सहकारी दुरावले. त्यांची भाषा बोचरी होत गेली आणि उद्यान सेवेवरील टीका त्यांच्या व्याख्यानांचा कायमचा भाग बनली. रस्त्यांवरील अधिकाराचा प्रश्न त्यांच्या मृत्यूनंतरही शिल्लक राहिला. कोलोरॅडो राज्याने स्वतंत्र दावा केला व १९२५ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. अखेर १९२९ मध्ये राज्याने उद्यानावरील अधिकार केंद्र सरकारकडे सोपवला.

निधन

जानेवारी १९२२ मध्ये न्यूयॉर्कमधील भुयारी रेल्वेच्या अपघातात मिल्स जखमी झाले. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. नंतरच्या इन्फ्लुएन्झाने प्रकृती आणखी खालावली आणि २१ सप्टेंबर, १९२२ रोजी लाँग्स पीकच्या पायथ्याशी राहत्या घरी वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर एस्थर यांनी अनेक वर्षे निवासगृह चालवले, त्यांचे अप्रकाशित लेखन प्रसिद्ध केले आणि हिल्डगार्ड हॉथॉर्न यांच्यासह त्यांचे चरित्र लिहिले. ते १९३५ मध्ये प्रकाशित झाले.

ग्रंथसंपदा

मिल्स यांची प्रमुख पुस्तके पुढीलप्रमाणे आहेत: वाइल्ड लाइफ ऑन द रॉकीज (१९०९), द स्पेल ऑफ द रॉकीज (१९११), इन बीव्हर वर्ल्ड (१९१३), द रॉकी माउंटन वंडरलँड (१९१५), युवर नॅशनल पार्क्स (१९१७), द ग्रिझली (१९१९) आणि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ नेचर गाइड (१९२०). यांपैकी शेवटच्या पुस्तकात निसर्ग-मार्गदर्शनाविषयीचे त्यांचे विचार एकत्र आढळतात.

वारसा

निसर्ग-मार्गदर्शन हा हजारो स्त्री-पुरुषांचा मान्यताप्राप्त व्यवसाय होईल, अशी मिल्स यांची अपेक्षा होती. त्यांच्या हयातीतच, १९२० मध्ये, कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हॅरल्ड ब्रायंट व लोय मिलर यांनी पाहुण्यांसाठी विनामूल्य निसर्ग-मार्गदर्शन सुरू केले. १९२५ मध्ये तेथेच मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणासाठी क्षेत्रीय निसर्गविज्ञानाची शाळा स्थापन झाली. अशा रीतीने मिल्स यांचा ज्या उद्यान सेवेशी वाद झाला, तिनेच निसर्ग-मार्गदर्शनाला संस्थात्मक रूप दिले.

१९५७ मध्ये फ्रीमन टिल्डन यांनी इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज या ग्रंथात वारसा-निरूपणाची सहा तत्त्वे मांडली. हा ग्रंथ आजही या क्षेत्रातील पायाभूत पाठ्यपुस्तक मानला जातो. निरूपण म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे आणि मुलांसाठी वेगळी पद्धत हवी, ही त्यातील तत्त्वे मिल्स यांच्या विचारांशी जवळीक साधणारी आहेत. मिल्स यांनी आपली पद्धत निसर्गापुरती सांगितली होती. टिल्डन यांनी ती ऐतिहासिक वास्तू, रणभूमी व संग्रहालये यांनाही लागू केली.

रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील मिल्स लेक या सरोवराला त्यांचे नाव दिलेले आहे. लाँग्स पीक इनची वास्तू आता अस्तित्वात नाही. मिल्स यांनी कुमारवयात बांधलेली झोपडी मात्र त्यांच्या कुटुंबीयांनी जतन करून संग्रहालयाच्या रूपात लोकांसाठी खुली केली. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश आहे.