पंडिता रमाबाई आणि बायबलातली नावांची पानं

पंडिता रमाबाईंवरचा धडा शिकवताना आपण शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण इथपर्यंत येतो आणि थांबतो. त्यांच्या उतारवयातली पंधराहून जास्त वर्षं ज्या कामाला लागली, ते काम एका ओळीत उरकतो. ते काम म्हणजे संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने लेकीला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. भावाबरोबर पायपीट करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथे 'पंडिता' व 'सरस्वती' झाल्या. पुढे लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये शारदा सदन. हे आपल्याला माहीतच आहे.

भाषांतर करणाऱ्याला एक सवलत नसते: कंटाळवाणी पानं उलटून पुढे जाता येत नाही. बायबलात अशी पानं पुष्कळ आहेत. 'गणना' नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय घ्या. अमक्याचे वंशज अमके, त्यांची मोजणी इतकी, असं सरकारी शिरगणतीसारखं चालतं. वाचताना डोळे मिटायला लागतात. पण त्या पुरुषांच्या यादीत मध्येच पाच मुलींची नावं येतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. भाऊ नसलेल्या ह्या बहिणी पुढच्याच अध्यायात सगळ्यांसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांना तो मिळतो. (हजेरी घेताना आपलं नाव आलं की पेंगणारं मूल कसं मान वर करतं, तसंच काहीसं.) ज्या बाईने नवरा गेल्यावर बाईच्या हाती काय उरतं हे स्वतः पाहिलं, तिला ही यादी रुक्ष वाटली असेल असं मला वाटत नाही.

नियमांच्या पानांचंही तसंच. कापणीच्या वेळी शेताचा कोपरा कापू नये, सरवा गरिबासाठी, विधवेसाठी, अनाथासाठी सोडावा, विधवेचं वस्त्र गहाण ठेवून घेऊ नये. आपल्याला हा जुना कायदा वाटतो. रमाबाईंनी मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली स्वतः गोळा करून आणल्या होत्या. केडगावला भाषांतर चाललं ते ह्याच मुलींच्या गजबजाटात.

त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. गंमत म्हणजे संस्कृत जिभेवर असूनही त्यांनी भाषांतरात जड संस्कृत शब्द टाळले. खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच.

मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या. लेकीमागे वर्षही झालं नव्हतं, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्यात ती शिरगणतीची पानंही आहेत, एकेक अक्षर हाताने जुळवलेली.