सील शिकारीच्या जहाजावरचा विद्यार्थी

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारपासून उत्तर ध्रुव सुमारे ७,९०० किलोमीटर दूर आहे. तिथल्या बर्फाचा आपल्या शेतातल्या पावसाशी काही संबंध असेल, असे पूर्वी कुणाच्या मनातही आले नसते. आज हा विषय शास्त्रज्ञ गांभीर्याने अभ्यासतात आणि त्यासाठी तरुण संशोधक आर्क्टिकच्या मोहिमांवर जातात. ही वाट घालून देणाऱ्यांत एक ठळक नाव आहे फ्रित्यॉफ नान्सेन यांचे.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ झाला. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले. मार्च १८८२ मध्ये, विसाव्या वर्षी, ते ‘वायकिंग’ नावाच्या जहाजावर चढले. हे संशोधनाचे जहाज नव्हते. सीलची शिकार हा त्याचा धंदा. त्या गडबडीतच नान्सेन समुद्राचे तापमान मोजत, प्राण्यांच्या नोंदी करत. समुद्राचा बर्फ खोल पाण्यात तयार होतो, असा तेव्हा समज होता. तो पृष्ठभागावरच तयार होतो, हे या नोंदींतून दिसले. वरच्या थंड थराखालून अटलांटिकचे उबदार पाणी वाहते, हेही कळले. पुढे जहाज ग्रीनलंडजवळ काही आठवडे बर्फात अडकून पडले. हे बेट ओलांडण्याची ओढ त्यांना तिथेच लागली.

परतल्यावर त्यांना बर्गनच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे डॉ. हॅन्सेन तिथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते. सूक्ष्मदर्शकाखाली चेतासंस्था पाहताना, चेतापेशी एकमेकींत मिसळलेल्या नसून स्वतंत्र असतात, असे मत नान्सेन यांनी १८८७ मध्ये मांडले. असे म्हणणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. १८८८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी स्कीवरून ग्रीनलंड पार केले.

सैबेरियाच्या बाजूला बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. याचा अर्थ, बर्फाखालचे पाणी आणि बर्फही सरकत असला पाहिजे. मग बर्फाशी झगडण्याऐवजी त्यातच जहाज अडकवून वाहत गेले तर? अनेक जाणकारांनी हा वेडेपणा ठरवला. दाब वाढला की बर्फाने चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, अशा गोलसर बुडाचे ‘फ्राम’ जहाज बांधण्यात आले. १८९३ मध्ये तेरा जण निघाले आणि सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात गोठले. समुद्र उथळ असेल, या समजुतीने खोली मोजायला पुरेशी लांब दोरीच नेलेली नव्हती. जहाजावरच्या पोलादी दोराचे पदर सोडवून नवी दोरी वळावी लागली. खोली निघाली तीन हजार मीटरहून अधिक.

ध्रुवीय प्रवासातला मोठा शत्रू होता स्कर्व्ही. क जीवनसत्त्व मिळाले नाही, तर शरीरात कोलॅजन नीट बनत नाही. हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात, माणूस दगावतो. हे कारण तेव्हा ठाऊक नव्हते. खराब झालेल्या डबाबंद मांसाला अनेक जण दोष देत. १८९५ मध्ये नान्सेन आणि योहान्सेन जहाज सोडून पायी निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत पोहोचले. ध्रुव गाठता आला नाही. परतीच्या वाटेवर एका बेटावर, दगडामातीच्या खोपटात त्यांनी हिवाळा काढला. अन्न एकच, अस्वल आणि वॉलरसचे मांस. तरी दोघांना स्कर्व्ही झाली नाही, उलट वजन वाढले. ताज्या, फार न शिजवलेल्या मांसात थोडे का होईना, क जीवनसत्त्व असते, हे त्यामागचे कारण. १८९६ मध्ये तेराच्या तेरा जण जिवंत घरी परतले.

पुढे नान्सेन समुद्रशास्त्राचे प्राध्यापक झाले. ठरावीक खोलीवरचे पाणी वर आणणारी त्यांच्या नावाची बाटली जगभरच्या संशोधन जहाजांवर वापरली गेली. निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना १९२२ चे शांततेचे नोबेल मिळाले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

‘फ्राम’ ज्या कारा समुद्रातून गेले, तिथला उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असावा, असे गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे. २०१४ पासून तिथल्या खाडीत भारतीय उपकरणे पाण्याखाली तापमान आणि क्षारता नोंदवतात. विसाव्या वर्षी नान्सेन थर्मामीटर घेऊन करत होते, तेच हे काम. जुन्नरच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला विज्ञानाची पदवी घेऊन त्यात सामील व्हायचे असेल, तर वाट आता गोव्यातून जाते. त्यासाठी सीलच्या शिकाऱ्यांसोबत निघण्याची गरज उरलेली नाही.