चाळीस पानांचा प्रबंध : डॉ. कमला सोहोनी

रसायनशास्त्रासारख्या विषयात पीएच.डी. करायची तर नुसते गुण पुरत नाहीत. प्रयोगशाळेत काम करायला एक टेबल लागते, शिकवायला तयार असलेला मार्गदर्शक लागतो आणि प्रवेशाच्या कागदावर कोणाची तरी सही लागते. १९३३ मध्ये कमला भागवत यांच्याकडे गुण होते, बाकी काहीच नव्हते.

कमलाबाईंचा जन्म १९११ मधला, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील नामवंत लेखिका झाली. धाकट्या कमलेने मात्र घरातले रसायनशास्त्रच उचलले. रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन तिने मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली आणि गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक मिळवला. वडील-काकांच्याच संस्थेत संशोधन करायचे म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढेच नकाराचे कारण होते.

ही मुलगी बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभी राहिली. गांधीजींच्या मार्गावर तिची श्रद्धा होती. प्रवेश मिळेपर्यंत तिने सत्याग्रहच धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट जिव्हारी लागणारी होती. हा अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण त्या वेळी अटी मान्य करून त्या कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक आणि शिकवायला मनापासून तयार असलेले गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. एक वर्षाचे काम पाहूनच रामन यांचे मत बदलले होते. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढचा मुक्काम केंब्रिज. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळाले होते. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती, तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले एक जादा टेबल देऊ केले. दिवसा त्यावर कमलाबाई प्रयोग करायच्या आणि रात्री त्याच टेबलावर रिक्टर झोपायचे. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या वनस्पतींवर काम करणाऱ्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या, आणि हातात बटाटा आला.

आपण खाल्लेले अन्न पेशींमध्ये प्राणवायूच्या साह्याने सावकाश जाळले जाते. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, हातोहात दिले जातात आणि त्या देवाणघेवाणीत ऊर्जा मिळते. या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम-सी हे प्रथिन. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी दाखवून दिले की वनस्पतींच्या पेशींतही हा दुवा असतो. थोडक्यात, माणूस आणि बटाटा यांची पेशीतली श्वसनाची रीत बरीचशी एक आहे.

या शोधावरचा त्यांचा प्रबंध फक्त ४० पानांचा होता आणि केंब्रिजला पोचल्यापासून १४ महिन्यांत तो पूर्ण झाला. १९३९ मध्ये पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहण्याऐवजी त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह गरिबाच्या ताटातल्या पदार्थांची तपासणी सुरू केली.

त्यातले डाळींवरचे काम आपल्या रोजच्या जेवणाशी जोडलेले आहे. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यांत या विकराला अडवणारे घटक असतात. उष्णतेने त्यांचा जोर बराच कमी होतो, म्हणून डाळ नीट शिजवून खायची. मटकी-मुगाला मोड आणले की त्यात क जीवनसत्त्व तयार होते, आणि ते जेवणातले लोह शरीरात शोषले जायला मदत करते. घरोघरच्या या जुन्या रिवाजामागे असे शास्त्र आहे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. तिच्यातील जीवनसत्त्वे आणि लोह यांमुळे कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना हक्काच्या वेळेपेक्षा काही वर्षे उशिराच मिळाले. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आज परभणीच्या मुलीला संशोधनासाठी सत्याग्रह करावा लागत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नोंदणी करता येते; अन्न आणि पोषण हा विषय घ्यायचा तर कृषी विद्यापीठ गावातच आहे. आताच्या अडचणी वेगळ्या आहेत. एम.एस्सी. झाली की लग्नाची घाई होते. लग्नानंतर संशोधनाला वेळ कुठला, आणि प्रयोग फसला की आणखी एक वर्ष घरच्यांना कसे पटवायचे? या अटी कोणी कागदावर लिहून देत नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बसायचे कोणाच्या दारात हेही कळत नाही. रात्री प्रयोगशाळेतून उशिरा येणाऱ्या मुलीसाठी घरात जेवण झाकून ठेवलेले असेल आणि उशीर का झाला हे कोणी विचारणार नसेल, तर तिचा अर्धा प्रबंध तिथेच सोपा होतो.