शिकून डॉक्टर झाले, पण नाव कमावलं पिकांच्या रोगांत : मक्याचा करपा ओळखणारे एडविन बटलर

मक्याला तुरा यायची वेळ असते. पाऊस झिमझिम चालू असतो, सकाळी पानांवर दव असतं. अशात एक दिवस खालच्या पानांवर लांबट, करडे-हिरवे डाग दिसतात. हळूहळू ते वाळून भुरे पडतात. आकार अगदी चिरुटासारखा, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. लांबी एक इंचापासून थेट वीतभर.

हाच मक्यावरचा टर्सिकम करपा. भारतात या रोगाची पहिली नोंद झाली १९०७ साली, बिहारमध्ये. ती करणाऱ्या माणसाकडे पदवी होती वैद्यकीची. नाव एडविन जॉन बटलर.

बटलर यांचा जन्म १८७४ सालचा, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला. त्याच्या तीसेक वर्षं आधी याच देशात बटाट्यावर करपा पडला होता. गरिबांचं पोट बटाट्यावरच चालायचं. पीक गेलं आणि सुमारे दहा लाख माणसं भूक आणि साथीच्या रोगांनी मेली. पानावरचा एक डाग देश कसा रिकामा करतो, हे त्या मातीला चांगलंच ठाऊक होतं.

कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमधून बटलर १८९८ साली डॉक्टर झाले. पण तिथेच मार्कस हार्टॉग या प्राध्यापकांमुळे त्यांना पाण्यात वाढणाऱ्या बुरशींचा नाद लागला. दवाखाना थाटायचं सोडून ते युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये बुरशी शिकत फिरले.

१९०१ साली ते सरकारी नोकरीवर भारतात आले. आधी कलकत्ता, मग डेहराडून. तोवर इथं पिकांच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास असा फारसा नव्हताच. पीक वाळलं की दोष हवेला नाहीतर नशिबाला दिला जायचा.

१९०५ साली बिहारमधल्या पुसा गावी कृषी संशोधन संस्था उभी राहिली. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाने दिलेल्या देणगीतून ती बांधली गेली. तिथं बटलर यांनी बुरशीशास्त्राचा विभाग उभा केला. गव्हाचा तांबेरा, तुरीची मर, उसाची लाल कूज असे एकेक रोग त्यांनी हाती घेतले. तुरीची उभी झाडं का वाळतात, याचं कारण जमिनीत राहणाऱ्या बुरशीत आहे हे त्यांनी दाखवून दिलं. मक्यावरचा करपा याच काळात त्यांच्या नजरेस पडला.

नुसतं नाव देऊन काय साधलं? नाव कळलं की रोगाची चाल कळते.

ही बुरशी शेतात पडलेल्या धसकटांवर आणि वाळक्या पानांवर तग धरून राहते. हवा १८ ते २७ अंशांच्या आसपास असेल आणि पानं तासन् तास ओली राहिली, की ती रुजते. वारा तिचे बीजाणू शेजारच्या शेतात नेतो. तुरा येण्याच्या सुमारासच वरची पानं करपली तर दाणा भरत नाही आणि उत्पादन निम्म्यापर्यंत घटू शकतं. कणसं पक्व होत आल्यावर रोग आला तर नुकसान कमी असतं.

ओळखण्यात गल्लत होऊ शकते. नत्र कमी पडलं तर खालचं पान टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळं पडत जातं. पालाश कमी पडलं तर कडा करपतात. चिरुटासारखे सुटे डाग दिसले, तर मात्र बुरशीचा संशय घ्यायचा.

उपायही या चालीवरूनच ठरतात. रोगाला दाद न देणारं वाण निवडायचं. मक्यावर मका न घेता फेरपालट करायची, धसकटं खोल गाडायची. डाग दिसू लागताच मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारतात. फवारणीआधी लेबल वाचावं, कृषी सहायकाला विचारावं. पानं पूर्ण वाळल्यावर केलेला खर्च वाया जातो.

१९१८ साली बटलर यांचा पिकांच्या रोगांवरचा जाडजूड ग्रंथ आला आणि भारतातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. १९२० साली लंडनजवळ क्यू इथं नव्या बुरशीशास्त्र संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. जगभरातून रोगट नमुने तिथं ओळखण्यासाठी येऊ लागले. १९२६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९३९ साली त्यांना सर हा किताब मिळाला. एप्रिल १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं.

१९३४ च्या भूकंपात पुसाच्या इमारतीचं मोठं नुकसान झालं आणि संस्था दिल्लीला हलली. दिल्लीतल्या त्या भागालाही पुसा हेच नाव पडलं. बटलर यांनी सुरू केलेला बुरशीच्या नमुन्यांचा संग्रह आजही तिथं जपून ठेवलेला आहे. शेतात नवा डाग दिसला की तो कुठल्या बुरशीचा हे ठरवताना अभ्यासकांना अशाच जुन्या वाळलेल्या पानांचा आधार असतो.

भारतीय वनस्पती रोगशास्त्राचे जनक म्हणून बटलर यांचं नाव घेतलं जातं. मक्याच्या शेतात वाकून खालचं पान उलटून बघणारा शेतकरी त्यांचंच काम पुढे नेत असतो.