आज्ञा शिरसावंद्य

नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती उपासनेतील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. तो शब्द म्हणजे ईश्वराचे भय. आपल्या गीतेत दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. मग परमेश्वराचे भय बाळगणे हा सद्गुण कसा, असा प्रश्न भाविक मनाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ग्रंथांतून शोधण्यापेक्षा आपल्याच मातीतल्या एका जीवनात पाहू या. ते जीवन म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे.

फुलामुलांचे कवी म्हणून टिळक आपणां सर्वांना परिचित आहेत. ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई जानकीबाईंकडून त्यांना भक्तीचा आणि काव्याचा वारसा लाभला. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. वृत्ती विरक्त, बुद्धी तल्लख आणि स्वभाव मात्र शीघ्रकोपी! एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांना फारसे साधले नाही. नागपूर सोडून ते राजनांदगावास निघाले असता आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. धर्मविषयक संभाषण झाले आणि त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी टिळक येऊन थांबले. त्यातील आज्ञा ऐकावयास गोड, पण आचरणास अतिशय कठीण. मनातला क्रोधही हत्येसारखाच दोषास्पद मानावा. वैऱ्यावर प्रेम करावे. उद्याची चिंता करू नये. ईश्वर आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, हे ओळखावे. या आज्ञा देणाऱ्याची सत्ता एकदा मान्य केली की त्यांतील सोयीच्या तेवढ्या निवडून घेता येत नाहीत, हे टिळकांना पटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत लहान नव्हती. आप्तस्वकीय दुरावले, समाजाने पाठ फिरवली. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पतीपासून कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पतीच्या आज्ञापालनाचे दुःख त्या माउलीनेच अधिक सोसले, हे विसरून चालणार नाही. कालांतराने त्या अहमदनगरला पतीकडे आल्या आणि स्वतःच्या मनाचा निर्णय झाल्यावर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या साऱ्या काळाचे निर्भीड आणि प्रांजळ चित्रण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. पतीचा कोप आणि पतीचे अपार औदार्य, दोन्ही त्यांनी लपविलेले नाही.

धर्म बदलला म्हणून टिळकांनी मातृभूमी आणि मायबोली टाकली नाही. अभंग, ओवी, कीर्तन यांच्याच द्वारे त्यांनी ख्रिस्तभक्ती गाइली. ज्ञानोबा-तुकोबांचे ऋण ते मोकळ्या मनाने मान्य करीत. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंदिरांतून आजही गाइली जातात. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले; ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांच्या घरात अनाथ मुलांना आश्रय असे आणि बालकवी ठोमरे यांच्यासारख्या तरुण कवीलाही तेथे मायेची पाखर लाभली. पदरी पैसा मात्र कधी टिकला नाही. उद्याची चिंता न करण्याची आज्ञा टिळक आनंदाने पाळीत, आणि आजच्या चुलीची काळजी लक्ष्मीबाई वाहत!

खरी कसोटी उतारवयात लागली. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांची बरीच वर्षे गेली होती. परंतु आपण एकाच धन्याचे चाकर असावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या उपक्रमास वाहून घेतले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्या दरबाराचे दार खुले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते, असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती भक्ताचे ईश्वरभय हे शिक्षेच्या धाकाने थरथर कापणे नव्हे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची आज्ञा आपल्या हातून मोडली जाऊ नये, ही ती जपणूक होय. हे एक भय ज्याच्या अंतःकरणात वसले, त्याला लोकनिंदेचे, दारिद्र्याचे किंवा एकाकीपणाचे भय उरले नाही. म्हणजे अभयाचीच ही वेगळी वाट! टिळकांचा मार्ग सर्वांनाच पटेल असे नाही. पटावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु आपण ज्या देवापुढे नित्य हात जोडतो, त्याच्या आज्ञांपैकी अवघड वाटणाऱ्या किती आज्ञा आपण पाळतो, हा प्रश्न देवघरातील समईच्या प्रकाशात प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.