विष्णुबुवा ब्रह्मचारी

इ. स. १८५७ च्या आरंभीची गोष्ट. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी लोकांची दाटी होऊ लागली. एका बाजूस ख्रिस्ती धर्मोपदेशक असत, तर दुसऱ्या बाजूस बत्तिशीच्या आतला एक ब्रह्मचारी. ईश्वर, पाप, मोक्ष अशा गहन विषयांवर त्यांचा वाद चाले. हा ब्रह्मचारी म्हणजेच विष्णुबुवा.

विष्णू भिकाजी गोखले हे त्यांचे मूळ नाव. १८२५ साली आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. गरिबीमुळे शिक्षण बेताचेच झाले व कोवळ्या वयातच त्यांना सरकारी जकात खात्यात नोकरी धरावी लागली. परंतु त्यांचे मन नोकरीत रमेना. खरा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर तरुणपणीच नोकरी सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरात गेले आणि तेथे त्यांनी तपश्चर्या केली.

डोंगरातून परतल्यावर त्यांनी धर्मोपदेशाचे व्रत घेतले. पंढरपूर, सांगली, मिरज, सातारा, वाई अशा गावी त्यांची व्याख्याने झाली. १८५६ मध्ये ते मुंबईस आले. तेथील समुद्रकिनाऱ्यावरील वाद मे महिन्यापर्यंत चालला. जॉर्ज बोवेन या अमेरिकन धर्मोपदेशकाने आपल्या बाजूने त्याची हकीकत छापली. पुढे बुवांच्या बाजूची हकीकतही ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

स्वधर्माचा हा कैवारी सनातनी मंडळींना प्रिय झाला असेल, असे आपणांस वाटेल. परंतु तसे घडले नाही. १८५९ साली त्यांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाचा वर्ण जन्मावरून नव्हे, तर गुणकर्मांवरून ठरतो, असे त्यांचे मत होते. विधवांना पुनर्विवाहाची मुभा असावी, असेही ते सांगत. कोणाच्याही हातचे अन्न घेण्यास त्यांची हरकत नसे. त्यामुळे परक्यांप्रमाणेच स्वकीयांचाही रोष त्यांनी ओढवून घेतला; पण लोकांच्या भीतीने त्यांनी आपले मत कधी बदलले नाही.

१८६७ साली त्यांनी सुखदायक राज्यकारभाराविषयी एक निबंध लिहिला. राजा आणि प्रजा मिळून एकच कुटुंब आहे, जमीन सर्वांची आहे, गावचे धान्य एका कोठारात साठवावे आणि ज्याने त्याने गरजेपुरते न्यावे, अशी त्यांची कल्पना होती. योगायोग असा की, त्याच वर्षी जर्मनीत कार्ल मार्क्स यांच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. बुवांचा विचार मात्र त्यांच्या स्वतःच्या धर्मचिंतनातून उपजला होता. पुढे या निबंधाचे इंग्रजी भाषांतरही झाले. अनेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली.

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबईत बुवांचे निधन झाले. त्यांची सर्वच मते आज आपणांस पटतील असे नाही. परंतु विरोधकाशी वाद करताना त्यांनी शब्दाखेरीज दुसरे शस्त्र वापरले नाही, आणि जो प्रश्न ते परक्यांस विचारीत, तोच स्वकीयांस विचारण्यासही कचरले नाहीत. विचारी माणसाची हीच खरी ओळख होय.